हाडं जाळणाऱ्या अनाएलीचे दात

ओढ्यावरची फळी ओलांडून आम्ही पलीकडे गेलो तेव्हा अनाएली थांबली. तिने बाटलीचं झाकण काढलं, एक घोट घेतला, तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि गिळला. वरच्या वाडीतून निघाल्यापासून तिचं हेच चाललं होतं. चार पावलं चालायची, एक घोट घ्यायचा. तिच्या तोंडाला लाळ सुटत नव्हती. दारेसलामच्या रुग्णालयात जबड्याला किरण दिले, त्यात गाठ जळली आणि लाळही आटली.

"दमलीस?" मी विचारलं.

"नाही."

"दुखतंय का?"

"काहीच होत नाही. गालाला हात लावला की शेजारणीच्या गालाला लावल्यासारखं वाटतं."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. आज बाजार आहे किंवा नाही, असं सांगावं तसं सांगितलं. दारेसलामहून आल्यापासून ती असंच बोलायची. जीभ जड झाल्यामुळे शब्द थोडे बोजड यायचे, आणि म्हणून ती नेमकेच शब्द वापरायची.

दवाखाना तेंगेरूच्या डांबरी रस्त्यावर, आणि तो रस्ता अजून बराच खाली होता. मोटरसायकलवाले वाटेत दोनदा थांबून गेले. ती मान हलवून नको म्हणायची. खड्ड्यातून गाडी आदळली की दणका सरळ जबड्यात जातो, तिथे कळत नसलं तरी कानामागे कळतं, असं तिचं म्हणणं. म्हणून दवाखान्याच्या दिवशी मी सकाळीच वर तिच्याकडे जायची आणि आम्ही दोघी केळीच्या बागांमधून चालत उतरायचो. मी त्याच दवाखान्यात दातांच्या विभागात मदतनीस आहे. हत्यारं उकळणं, रोग्याचं तोंड धुऊन देणं, डॉक्टर काम करत असताना नळी धरणं, ही माझी कामं. लग्न होऊन इथे आले, माझा केदार इथेच जन्मला, इथेच मोठा झाला. इथे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे सगळ्या डोंगरउतारावर मी 'केदारची आई'.

अनाएलीला मात्र कुणी कुणाची आई म्हणायचं नाही, मुली असूनही. तिला सगळे 'हाडंवाली' म्हणत.

तिचा जन्म खालच्या गावातला. तिथल्या ओढ्याचं पाणी दिसायला कोऱ्या चहासारखं. प्यायला गोड लागतं, पण त्यात फ्लोराइड फार. तिथल्या माणसाने तोंड उघडलं की तो कुठला ते कळतं. दात तपकिरी, मधूनमधून टोचल्यासारखे खड्डे. अनाएलीचेही तसेच. दातांचं एक वेळ चालतं, पण तिच्या धाकट्या भावाचे पाय वाकले. गुडघे बाहेर, पावलं आत. शाळेत तिने त्याला पाठुंगळी नेलं, मोठा झाल्यावर त्याचा त्यालाच संकोच वाटायला लागला आणि त्याने शाळा सोडली. तो फार जगला नाही. त्याच्याबद्दल ती कधी बोलायची नाही. हे सगळं मला तिच्या थोरल्या मुलीने सांगितलं.

लग्न होऊन ती वरच्या वाडीत आली आणि काही वर्षांनी पाण्याच्या खात्याने बायकांसाठी शिबिर घेतलं. गाईबैलांची हाडं बंद भट्टीत भाजायची, हवा जाऊ द्यायची नाही, काळा कोळसा झाला की कुटून चाळायचा आणि बादलीत भरायचा. वरून पाणी ओतलं की खाली येईपर्यंत त्यातलं बरंचसं फ्लोराइड कोळसा धरून ठेवतो. शिबिराला बायका पुष्कळ आल्या, भट्टी पेटल्यावर वासाने बहुतेक पळाल्या. अनाएली राहिली. तिने घरामागे भट्टी बांधली. तेंगेरूच्या मांस भाजणाऱ्या टपऱ्यांवरून पोत्याने हाडं आणायची, उन्हात वाळवायची, भट्टीचं तोंड चिखलाने लिंपायची. धूर निघाला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. हाड पांढरं पडलं तर नुसती राख, कच्चं राहिलं तर पाण्याला घाण वास. काळं निघालं तरच ती खूश व्हायची, म्हणजे एवढंच की त्या दिवशी कुणाला शिव्या द्यायची नाही.

माझ्याकडेही तिने एक बादली आणून ठेवली होती. मी तिला म्हटलं, "अगं, गाईची हाडं. आमच्या घरात कसं चालेल?" ती म्हणाली, "तुझ्या देवाला विचार आणि सांग मला. तोवर तहानलेली राहा." मी विचारलं. काय उत्तर आलं ते माझ्यापाशीच राहू दे. केदारचे दात पांढरे आहेत. देवाच्या पूजेला मात्र मी पावसाचं पाणी वेगळं साठवून ठेवते.

तिची एक सवय होती. वाटेत कुणाचं लहान मूल दिसलं की त्याच्या हनुवटीखाली हात घालायचा आणि अंगठ्याने वरचा ओठ उचलून बघायचं. मुलं रडायची, आया हसायच्या. दात पांढरे दिसले तर ती नुसतं "हं" म्हणायची. डाग दिसला तर त्या आईचं काही खरं नव्हतं.

आणि रविवारी चर्चबाहेर ती बोलायची. इथे प्रार्थना झाली की देवाला अर्पण म्हणून आलेली केळी, अंडी, कोंबड्या, दूध अंगणात मांडतात आणि बोली लावून विकतात. सगळी वाडी तिथे थांबलेली असते. मीही भाजीसाठी जाते. बोली सुरू होण्याआधी अनाएली पुढे व्हायची, खालच्या ओढ्याचं पाणी भरलेली बाटली वर धरायची आणि म्हणायची, "ह्यात विष आहे. त्याचं नाव फ्लोराइड. ज्याला आपली पोरं वाकडी करायची असतील त्याने प्यावं." बस. एवढंच. लोकांना ते पाठ झालं होतं. पोरं खेळताना एकमेकांना तेच म्हणायची.

मग तिच्या जिभेखाली गाठ आली.

ऑपरेशन झालं, किरण झाले. ती परत आली तेव्हा आमच्या तेशा डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. तेशा डॉक्टर मोशी शहराकडच्या, माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलणं आजीबाईसारखं. त्यांनी सांगितलं की लाळ नसली की दात उघडे पडतात, हिरडीच्या कडेने झपाट्याने किडतात. एरवी किडका दात काढून टाकता येतो. पण किरण दिलेल्या जबड्यातला दात काढला तर खालचं हाड भरून येईलच असं नाही, उघडं पडून सडत जाऊ शकतं. तेव्हा आहेत ते दात टिकवायचे. त्यांनी तिच्या दातांच्या मापाचे मऊ पारदर्शक साचे करून दिले, आणि एक ट्यूब. रोज झोपण्याआधी साच्यात जेल भरून दातांवर चढवायचं, थोडा वेळ ठेवायचं, थुंकायचं, वर पाणी प्यायचं नाही.

"कसलं जेल?" अनाएलीने विचारलं.

"फ्लोराइड."

अनाएली खुर्चीवरून उठली. चिडली नाही. पदर सावरावा तसा खांद्यावरचं कांग्याचं कापड सावरलं आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली. मी मागे गेले तर म्हणाली, "त्यांनी दुसरं काहीतरी म्हटलं असेल. तू परत विचार." मी परत विचारलं. तेच होतं. मग तिने साचे आणि ट्यूब पिशवीत घातली आणि आम्ही घरी आलो. तेव्हाही चालतच.

आजची फेरी होती लेझरची. दारेसलामहून एक यंत्र काही महिन्यांपुरतं आमच्याकडे आलं होतं, आणि तेशा डॉक्टरांनी अनाएलीचं नाव पहिल्या रोग्यांत घातलं होतं.

कॉफीच्या बागेपाशी वाट वळते तिथे तिची नणंद नान्योरी भेटली. डोक्यावर केळ्यांचा घड, पाठीला बांधलेली नात, तोंडात ऊस. ऊस कडाकड मोडून ती चोथा बाजूला थुंकली.

"काय वहिनी, निघालीस विष खायला?"

"दवाखान्यात निघालेय, वन्सं."

"तेच ते. इतकी वर्षं आमच्या पाण्यातून काढून घेतलंस, ते साठवून ठेवलं होतंस होय स्वतःसाठी? आधी सांगायचंस. आम्हीही दोन चमचे ठेवले असते म्हातारपणाला."

मी म्हटलं, "नान्योरी, ती आजारी आहे. काय बोलतेस?"

"मी काय वाईट बोलले, केदारच्या आई? माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. चुलीपुढे बसली होती, तोंडात ते काचेसारखं घालून. ट्यूबवर लिहिलेलं माझ्या जावयाने वाचून दाखवलं. फ्लोराइड! चर्चसमोर बाटली हलवून हलवून आम्हाला घाबरवलं, त्या धुरात आमचे डोळे गेले. आणि डॉक्टरीणबाई तिला तेच देतात औषध म्हणून. मग खोटं कोण? ही की डॉक्टर?"

अनाएलीने बाटली उघडली. तिने घोट घेतला. मग तिचा हात आपोआप पुढे गेला, पाठीवरच्या पोरीच्या हनुवटीखाली. पोरगी दीडदोन वर्षांची असेल. अंगठा ओठापर्यंत पोचायच्या आत नान्योरी वळली.

"राहू दे. ह्या पोरीचे दात तिचा बाप बघेल."

"बादली कुठाय, वन्सं?" अनाएलीने विचारलं.

"बादली आहे की. कोंबडी अंड्यावर बसलीय तिच्यात. छान ऊब धरते."

"आणि पोर पाणी कुठलं पिते?"

"सगळे पितात ते, खालच्या ओढ्याचं. गोड असतं." नान्योरीने घड डोक्यावर नीट केला आणि आमच्यापुढे निघून गेली. पोरीचं डोकं तिच्या पाठीवर हलत राहिलं.

आम्ही चालत राहिलो. बऱ्याच वेळाने अनाएली म्हणाली, "एकट्या तिच्याच घरी नाही. गिरणीपाशी राहणाऱ्यांनीही बादल्या काढून टाकल्यात. पोतंभर हाडं वाळत पडलीत माझ्याकडे. कुणी कोळसा मागायला येत नाही."

"तू साचे घालतेस ना रोज?"

"हो."

तिने इतक्या पटकन हो म्हटलं की मी पुढे विचारलं नाही. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालत राहिले.

दवाखान्यात तेशा डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घातला. मग मला दिवा जवळ घ्यायला सांगितला. खालच्या दातांच्या मुळाशी खडूने रेघ ओढावी तशी पांढरी कड उठली होती. एका सुळ्यापाशी ती कड मऊ झाली होती.

"अनाएली, साचे घालतेस?"

अनाएली छताकडे बघत होती.

"मी रागवणार नाही."

"कपाटावर ठेवलेत."

"कधीपासून?"

"वन्संनी बघितल्यापासून."

डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. "हे दात गेले तर मला हात लावता येणार नाही. सांगितलंय ना तुला? ते हाड आता..."

"मेलंय."

"झोपलंय म्हण."

"हाड झोपत नाही, डॉक्टर."

मला वाटलं तेशा डॉक्टर आता ओरडतील. त्यांनी आम्हा तिघींसाठी काळे चष्मे काढले. "हे तरी करून घेऊ. पूर्ण खात्री मी देत नाही. पण लेझरने दाताचा वरचा थर तापतो, थोडा बदलतो, आंबटाला लवकर विरघळत नाही. आणि त्यावर फ्लोराइड लावलं की जास्त धरून राहतं, असं दिसलंय."

यंत्र टिकटिक करायला लागलं. मी नेहमीप्रमाणे लाळ ओढायची नळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात धरली. ओढायला काही नव्हतंच. नळी नुसती सूं सूं वाजत राहिली. थोड्या वेळाने अनाएलीने हात वर केला. डॉक्टर लगेच थांबल्या.

"दुखलं?"

"नाही. वास."

"हो, जरा जळकट येतो कधीकधी. घाबरू नकोस."

"माझ्या भट्टीचा वास आहे."

मलाही तोच आला होता, पण मी तो आठवणीतला समजले होते. अगदी हलका, पण तोच. भट्टीच्या चिखलाने लिंपलेल्या तोंडाला भेग पडली की येतो तो.

अनाएली काळ्या चष्म्यातून छताकडेच बघत होती. "हाड तापवलं की पाण्यातलं ते धरून ठेवतं," ती सावकाश म्हणाली. "म्हणून तर मी भाजते."

"दातही हाडाचाच भाऊबंद," डॉक्टर म्हणाल्या. "त्यालाही फ्लोराइड ओढून घ्यायची सवय."

"मग ओढ्यातलं आणि तुमच्या ट्यूबमधलं एकच."

"एकच. ट्यूबमधलं तर कितीतरी कडक. म्हणून थुंकायचं, गिळायचं नाही. पोरांचे दात हिरडीत तयार होत असतात तेव्हा ते रोज पाण्यातून पोटात गेलं की दातावर डाग येतात, फार वर्षं फार गेलं की हाडं वाकतात. दात वर आल्यावर त्याच्यावर बाहेरून लावलं तर दात वाचतो. हे तू चर्चमध्ये सांगायचीस त्यात खोटं काही नव्हतं गं. अर्धंच होतं, एवढंच."

"मी विष म्हणायचे."

"हो."

"तेवढंच त्यांना पाठ आहे."

ती पुन्हा आ करून पडली. डॉक्टरांनी राहिलेले दात केले, मग साच्यात जेल भरून वरून चढवले आणि घड्याळ लावून शेजारच्या खोलीत गेल्या. मी अनाएलीजवळ बसले. तोंडात साचे असताना तिला बोलता येत नव्हतं. तिने माझा हात धरला नाही, डोळेही मिटले नाहीत. मांडीवरचे तिचे हात मात्र मी बघत होते. भट्टीच्या काळ्या रेघा नखांत अजून होत्या, इतक्या महिन्यांनीही.

घड्याळ वाजल्यावर ती थुंकली. बाटलीकडे हात नेला, मग आठवलं तसा मागे घेतला. अर्धा तास पाणी नाही. तिच्यासाठी तो अर्धा तास फार मोठा होता.

परतीची वाट चढाची. पाण्याशिवाय ती पहिला चढ चढली. उन्हात केळीची पानं खाली लोंबली होती. कॉफीच्या बागेपाशी नान्योरीने थुंकलेल्या उसाच्या चोथ्याला मुंग्या लागल्या होत्या. अनाएली त्याला वळसा घालून गेली. मी तिला विचारलं, "घरी गेल्यावर थोडं लोशोरो करून देऊ का? मऊ मका आणि ताक, सहज जाईल." ती म्हणाली, "चव लागत नाही. पण दे."

ओढ्याची फळी आली तेव्हा अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. ती काठावरच्या दगडावर बसली, बाटली काढली, घोट घेतला आणि खूप वेळ तोंडात धरून ठेवला. हा वरचा ओढा. ह्याचं पाणी स्वच्छ दिसतं, तरी तेही ती बादलीतून काढल्याशिवाय प्यायची नाही.

"केदारच्या आई."

"काय गं?"

"आज रात्री मी साचे घालणार आहे. चुलीपुढेच बसून. वन्संना बघायचं असेल तर बघू देत."

"बरं झालं."

"बरं नाही. नुसतं घालणार आहे." तिने झाकण फिरवून लावलं. "मी लपून घातले तर दात राहतील आणि बादल्यांत कोंबड्या बसतील. नाही घातले तर जबडा जाईल. मग लोक म्हणतील, बघा, हाडंवालीला हाडाची बाधा झाली. बादल्या तशाही जातील. ती पोरगी रोज खालचं पाणी पितेय. आजही प्यायली असेल."

 ओढ्याच्या पलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं.

"रविवारी बोलीच्या आधी मला उभं राहायचंय. पण माझं बोलणं कुणाला कळत नाही आता. मागच्या बाया हसतील. बोलायचं तू."

"मी? अगं, तुमच्या चर्चच्या अंगणात मी काय बोलणार? मी तिथे भाजी घ्यायला येते."

"म्हणूनच. तू त्यांच्यातली नाहीस आणि परकीही नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं ते सांगायचं. पोटात जायला नको, दातावर हवं. गिळायचं नाही, थुंकायचं. हाडंवालीने तुम्हाला अर्धं सांगितलं होतं, हे उरलेलं अर्धं. एवढंच. देवाचं नाव घ्यायचं असेल तर तुझ्या देवाचं घे. कुणी काही म्हणणार नाही."

"आणि तू?"

"मी शेजारी उभी राहीन. एका हातात कोळसा धरीन, एका हातात साचा. लोकांना दिसलं पाहिजे की दोन्ही माझेच आहेत."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच नीट ठाऊक नव्हतं. ती उठली, फळीवर एक पाय ठेवला आणि वळली.

"अजून एक. त्यांना माझे दात बघायला हवेत. ती पांढरी कड, तो मऊ झालेला सुळा. नुसतं सांगून नान्योरी ऐकायची नाही, तिला दाखवावं लागतं. माझे हात भरलेले असतील. आणि रिकामे असते तरी हा खालचा ओठ कुठे आहे ते माझ्या बोटांना सापडत नाही." तिने हनुवटी थोडी माझ्याकडे केली, जशा तिच्यापुढे पोरांच्या असायच्या. "तू माझा ओठ खाली ओढून धरशील?"